से कॅथेड्रल टिकलं ते चुन्यामुळे

जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चच्या लालसर भिंतीपुढे फोटो काढून झाले की रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या से कॅथेड्रलकडे बघून पर्यटक हमखास म्हणतात, "हे नंतरचं दिसतंय." खरं तर हेच आधीचं. से कॅथेड्रलचं काम १५६२ साली सुरू झालं, बॉम जेझूसचं १५९४ साली. दोन्ही इमारती जांभ्या दगडाच्या, दोन्हींवर चुन्याचा गिलावा होता. बॉम जेझूसचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला गेला, म्हणून ती 'प्राचीन' दिसते.

पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, आदिलशाहीकडून गोवा घेतलं. कॅथेड्रल तिच्याच नावाचं आहे. बांधकाम १६१९पर्यंत चाललं. दोनपैकी एक मनोरा १७७६ साली कोसळला, तो पुन्हा उभारलाच नाही. बाकी इमारत मात्र चारशे पावसाळे सोसून उभी आहे.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. पण तो सच्छिद्र. पाणी आत शिरतं, सुकताना क्षारांचे स्फटिक होतात आणि दगडाचे कण सुटू लागतात. हे थोपवतो चुना, आणि त्याचं रसायनशास्त्र फार सुंदर आहे.

हा चुना शिंपले भाजून करतात. शिंपले म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. शंभर किलो कार्बोनेट भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजलं की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, ५६ किलो कळीचा चुना उरतो. पाण्यात विझवला की तो ७४ किलो होतो. भिंतीवर लावल्यावर हा चुना हवेतून तोच ४४ किलो वायू हळूहळू परत घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा शंभर किलो कार्बोनेट होतो. म्हणजे भिंतीवर परत शिंपलाच घडतो! मात्र वायू आधी ओलाव्यात विरघळावा लागतो. गिलावा लवकर सुकला तर भुगा होतो, छिद्रं पाण्याने भरली तर वायू आत पोचत नाही. म्हणून गवंडी ओलं गोणपाट लावतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला कित्येक महिने घेतो. पुढे बारीक चीर पडली, तर पावसात विरघळलेला चुना तिथेच बसून ती बुजवतो.

जुन्या चुन्यात गूळ, उडीद, बेलफळ घालण्याच्या 'लुप्त गुप्त सूत्रा'चे मेसेज फिरतात. गुप्त काहीही नाही. साखरेने चुना पाण्यात जास्त विरघळतो, चिकट पदार्थांनी तो लावायला सोपा जातो. हे आजही करता येतं.

सिमेंट मात्र इथे घातक. त्याच्या चिरांतून शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, क्षार दगडातच साचतात. चुन्याच्या थरातून वाफ निघून जाते, क्षार त्या थरात अडकतात. झिजतो गिलावा, दगड नाही. गिलावा ठरावीक काळाने पुन्हा करायचाच असतो. बॉम जेझूसला गिलावा परत चढवावा का, यावर गोव्यात वाद आहे. माझ्या मते चढवावा, आणि चुन्याचाच.