आमदार की खासदार? वाळू, जंगल आणि दारूगोळ्याचा प्रश्न नेमका कोणाला विचारायचा

गिरणाकाठच्या आमच्या गावात मार्च लागला की रात्री अकरानंतर नदीच्या वाटेवर ट्रॅक्टरची घरघर सुरू होते. सकाळी पात्रात पुरुषभर खोल खड्डे दिसतात आणि काठच्या विहिरी दरसाल आणखी खाली जातात. दोन वर्षांपूर्वी पंचवीसेक जणांनी सह्या करून आम्ही निवेदन दिलं, तेही थेट खासदारांना. खासदार मोठे, एवढाच आमचा हिशेब. कागद फिरत फिरत महसूल खात्यात पोचला तोवर पावसाळा लागला होता. गावातले नाना म्हणाले, ‘आते कोणले सांगानं भो?’ (आता कोणाला सांगायचं, भाऊ?)

वाळू हे गौण खनिज, म्हणजे कायद्याने किरकोळ ठरवलेलं. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ ने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे दिला आहे. घाटांचा लिलाव, वाहनजप्ती, दंड हे सगळं जिल्हाधिकारी-तहसीलदार पाहतात. म्हणून वाळूबद्दल भूमिका विचारायची ती आमदाराला. त्यांनी विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याचं तोंडी उत्तर द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी सूचना लावली आणि ती पटलावर आली, तर उत्तराला राज्याचा मंत्री उभा राहतो. लोकसभेत प्रश्न चालतो तो केंद्राच्या अखत्यारीतलाच.

संरक्षणाचं नेमकं उलटं. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींवर आपल्याकडची कित्येक घरं चालतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून निर्माणींचं जुनं मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या आल्या. काडतुसं बनवणारी वरणगाव ‘म्युनिशन्स इंडिया’त गेली, भुसावळ ‘यंत्र इंडिया’त. ऑर्डर किती, भरती कधी, कामगारांच्या सेवाशर्तींचं काय, हे प्रश्न दिल्लीचे, म्हणजे खासदारांचे. धुळ्याचे तेव्हाचे खासदार सुभाष भामरे तर २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्रीच होते. विधानसभेच्या प्रचारात सीमेच्या रक्षणावरची भाषणं ऐकताना मला म्हणूनच चुटपुट लागते. उमेदवाराला विचारावं, सुट्टीवर आलेल्या जवानाच्या शेताची मोजणी का रखडते? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माणसं पुरेशी आहेत का? ही दोन्ही कामं राज्य सरकारकडची आहेत.

खरा गोंधळ जंगलाचा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वनं आणि वन्यजीव समवर्ती सूचीत गेले, म्हणजे कायदा दोघांनाही करता येतो. यावल (१९६९) किंवा अनेर (१९८६) अभयारण्यातला वनरक्षक राज्याचा नोकर. पण वनजमीन धरणाला, रस्त्याला द्यायची तर १९८० च्या कायद्याप्रमाणे केंद्राची मंजुरी लागते. अशा जमिनीच्या बदल्यात जमा होणाऱ्या भरपाई वनीकरणाच्या पैशातला ९० टक्के वाटा २०१६ च्या कायद्याने राज्याला मिळतो, १० टक्के केंद्राच्या निधीत जातो. तेव्हा जमीन वळवायला तुमचा पाठिंबा आहे का, हे खासदाराला विचारा. रोपं कुठं लावली आणि किती जगली, हे आमदाराला. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही.

वनहक्काचंही असंच. आदिवासींना कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क देणारा २००६ चा कायदा संसदेने केला. दावे मात्र ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती या पायऱ्यांनी निकाली निघतात आणि वरच्या दोन समित्यांवरचे अधिकारी राज्याचे असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये खान्देशातले आदिवासी याच हक्कांसाठी ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालत गेले. कायदा दिल्लीचा असला तरी अंमल मुंबईतून होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तापीचं पाणी राज्याचा विषय, पण नदी आंतरराज्य. मेगा रिचार्जचा, म्हणजे तापीचं पाणी कालव्यांतून नेऊन जमिनीत मुरवण्याच्या प्रकल्पाचा करार १० मे २०२५ ला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांत झाला. केंद्राकडून पैसा आणायला खासदार हवेत, कालवा कुठून न्यायचा याला आमदार.

आणि ते निधीचे फलक. ‘खासदार निधीतून’, ‘आमदार निधीतून’ असे फलक सभामंडपावर शेजारी शेजारी लागतात. १९९३ ला सुरू झालेली खासदार निधीची रक्कम केंद्राकडून येते, वर्षाला ५ कोटी. आमदारांची राज्याकडून येते. दोघेही काम फक्त सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. त्या निधीवरून त्यांची जंगलाविषयीची भूमिका कळत नाही.

यंदाच्या निवेदनावर नाव आमदारांचं आहे, प्रत तहसीलदारांना. सोबत तारखा टाकलेले फोटो जोडलेत. खड्ड्यांची मापं नानांनी स्वतः दोरी सोडून घेतली आहेत.