टाइमलॅप्स आणि स्लो मोशन चित्रण : कोल्हापूरच्या संदर्भात

टाइमलॅप्स म्हणजे डोळ्याला जाणवत नाही इतकी संथ हालचाल वेगाने दाखवणारे चित्रण. स्लो मोशन म्हणजे डोळ्यातून निसटून जाणारी चपळ हालचाल सावकाश दाखवणारे चित्रण. दोन्हींचे मूळ एकच आहे : चित्रे टिपण्याची गती आणि ती दाखवण्याची गती यांतला फरक. व्हिडिओ सामान्यतः सेकंदाला २४, २५ किंवा ३० फ्रेम या गतीने दाखवला जातो. टिपताना त्याहून विरळ फ्रेम घेतल्या, समजा पाच सेकंदांना एक, तर काळ आकसतो. दाट घेतल्या, समजा सेकंदाला २४०, तर काळ ताणला जातो. मराठीत ‘कालसंक्षेप’ आणि ‘मंदगती’ असे शब्द वापरता येतात. पण हातात कॅमेरा असलेली माणसे टाइमलॅप्स आणि स्लो मो हेच शब्द बोलतात, म्हणून या नोंदीतही तेच ठेवले आहेत.

या दोन्ही पद्धतींना कोल्हापूर परिसरात विषयांची वाण नाही. पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढते ते समोर उभे राहूनही दिसत नाही, आणि लाल मातीत डाव पडतो तो समोर बसूनही कळत नाही. एक फार संथ, दुसरे फार चपळ.

हँडलच्या काळापासून

सुरुवातीच्या काळात सिनेमाचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालवत. सेकंदाला साधारण दोन फेरे आणि एका फेऱ्यात आठ फ्रेम, म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम, अशी तेव्हाची सर्वसाधारण गती होती. नवख्याचा गोंधळ होतो तो इथेच. हँडल सावकाश फिरवले की पडद्यावर माणसे पळतात आणि भरभर फिरवले की ती तरंगल्यासारखी चालतात. टिपण्याची आणि दाखवण्याची गती उलट्या दिशेने काम करते. हे एकदा डोक्यात बसले की आजच्या मोबाइलमधले सगळे आकडे आपोआप उलगडतात.

कोल्हापूरला हे हँडल परके नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास इथेच सिनेमाचा कॅमेरा घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. बाहेरून यंत्र आणण्याऐवजी ते स्वतः बनवायचे, तर त्यात फिल्म किती सरकते, किती वेळ थांबते आणि त्या थांब्यात झडप (शटर) किती उघडते, हे सगळे समजून घ्यावे लागते. फ्रेमगतीचे शास्त्र या शहरात पहिल्यांदा उतरले ते कारागिराच्या हातातून, ही गोष्ट फोटोग्राफी शिकणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराला ठाऊक असायला हवी.

टाइमलॅप्सचा मराठी वारसा त्याहूनही थोडा आधीचा आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा चित्रपटासाठी त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिन्याहून अधिक काळ थांबून थांबून फ्रेम घेत कोंब फुटण्यापासून वेल होईपर्यंतची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ नावाने ओळखली जाणारी ही छोटी फिल्म दाखवून त्यांनी पैसे देणाऱ्यांचा विश्वास मिळवला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी उभा आहे तो हा वाटाण्याचा टाइमलॅप्स.

स्लो मोशनच्या मुळाशी तर एक प्रश्नच होता : धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून याचे उत्तर ‘हो’ असे दिले. पुढे ऑस्ट्रियातील धर्मगुरू आणि पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आउगुस्ट मुझगर यांनी १९०४ मध्ये फिरत्या आरशांच्या साहाय्याने हालचाल संथ दाखवणारी यंत्रणा मांडली. आता सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा कॅमेरा अनेकांच्या खिशात असतो.

संथ गोष्टी : किरणे, ढग, पाणी

टाइमलॅप्समधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय म्हणजे दोन फ्रेममधले अंतर, म्हणजेच इंटरव्हल. रंकाळा तलावावरचा सूर्यास्त दीड तास टिपायचा आहे आणि दर पाच सेकंदांना एक फ्रेम घ्यायची आहे, तर १,०८० फ्रेम होतात; सेकंदाला २५ या गतीने त्यांचा ४३ सेकंदांचा व्हिडिओ बनतो. गगनबावड्याला कोकणातून वर चढणारे ढग भराभर सरकतात, त्यांना दोन सेकंदांचे अंतरही जास्त ठरू शकते. कळी उमलताना मात्र पाच-दहा मिनिटांना एक फ्रेम पुरते. विषयाचा स्वतःचा वेग ओळखता आला की निम्मे काम झाले. तो ओळखण्यासाठी कॅमेरा काढण्याआधी अर्धा तास नुसते बघत बसावे लागते, त्याला दुसरी वाट नाही.

कोल्हापुरातला काळाचा सर्वांत देखणा विषय म्हणजे अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात शिरतात. परंपरेने पहिल्या दिवशी ती चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात असे मानले जाते. या तारखांच्या दोन जोड्या का, हेही सुंदर आहे. १० नोव्हेंबर हा दिवस दक्षिणायनाच्या टोकाच्या, म्हणजे २१–२२ डिसेंबरच्या, सुमारे ४२ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी तितकाच नंतर. त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी मावळतो.

आकाशात सूर्य दर चार मिनिटांना एक अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या बिंबाइतके अंतर तो दोन मिनिटांत कापतो. किरणांचा गाभाऱ्यातला मुक्काम म्हणूनच मिनिटांत मोजायचा असतो. इथे पाच सेकंदांचा इंटरव्हल ठेवला तर प्रकाश उड्या मारत पुढे गेल्यासारखा दिसेल; एक सेकंद योग्य. अर्थात हा हिशेब अधिकृत चित्रण करणाऱ्यांसाठी आहे. भाविकाने गाभाऱ्यासमोर हात जोडावेत, मोबाइल वर करू नये. ज्याला किरणांचा प्रवास टिपायचा आहे त्याला तो आपल्या घरी पश्चिमेच्या खिडकीतूनही टिपता येतो : भिंतीवर खडूने खूण करावी, वर्षभर महिन्याच्या ठरावीक तारखेला त्याच कोनातून मावळतीची फ्रेम घ्यावी. बारा फ्रेममध्ये सूर्याची उत्तर-दक्षिण ये-जा घरात उतरते.

पुराचे चित्रण हा कोल्हापूरसाठी निव्वळ हौसेचा विषय नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. ‘पाणी पात्राबाहेर पडले’ ही बातमी दर पावसाळ्यात येते, पण ते कोणत्या बाजूने, कोणत्या सखल वाटेने पसरले हे एका फोटोत कळत नाही. उंचावरून दर पाच मिनिटांना एक फ्रेम घेतली तर २४ तासांत २८८ फ्रेम होतात, म्हणजे साडेअकरा सेकंदांचा व्हिडिओ. त्यात पाण्याची वाट बोट ठेवून दाखवता येते. पंचगंगा घाटावरची दीपमाळ किंवा पातळी मोजायची पट्टी यांसारखी स्थिर खूण चौकटीत असायलाच हवी, नाहीतर चढ-उताराचा अंदाज येत नाही.

इथे एक जबाबदारीही आहे. दिवसभरात चढलेले पाणी दहा-बारा सेकंदांत चढताना पाहिले की भीती वाटते, आणि असा व्हिडिओ पुराच्या रात्री गटागटांतून फिरतो. म्हणून तारीख, सुरू झाल्याची वेळ आणि इंटरव्हल व्हिडिओवरच लिहावा. हे न लिहिलेला पुराचा टाइमलॅप्स पुढे पाठवू नये असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

तांत्रिक अडचणींपैकी सर्वांत त्रासदायक म्हणजे लुकलुक. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा प्रत्येक फ्रेमला उजेडाचा वेगळा अंदाज बांधतो आणि तयार व्हिडिओ लुकलुकतो. त्यामुळे फोकस, एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) आणि रंगाचा समतोल हाताने पक्का करावा. बाकी ट्रायपॉड, पॉवर बँक आणि पावसाळ्यात भिंग पुसायला सुती फडके.

चपळ गोष्टी : मातीतली कुस्ती

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झाले. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे पैलवान कुठूनही दिसतो. डाव मात्र दिसतोच असे नाही. धोबीपछाड घ्या. प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावरून ओढून, पाठीवर घेऊन, धोब्याने कपडा आपटावा तसे त्याला समोर आपटायचे. सगळा प्रकार एखाद्या सेकंदाचा. सेकंदाला २४० फ्रेमने टिपून ३० ने दाखवला तर तो आठ सेकंदांचा होतो, आणि त्या आठ सेकंदांत लक्षात येते की जोर हातात नाही. आधी पाय आत येतो, मग कंबर वळते आणि त्यानंतर हात ओढला जातो. वस्ताद पोराला ‘कंबर घाल, कंबर’ म्हणून ओरडतात त्याचा अर्थ इथे डोळ्यांना दिसतो. त्यासाठी कॅमेरा बैठकीतून नव्हे, मातीच्या पातळीला, पाय दिसतील असा ठेवावा.

शिकवण्यासाठी स्लो मोशन उत्तम. निवाड्यासाठी ते जपून वापरावे. पाठ टेकली का, हे त्यातून स्पष्ट होते. पण ‘मुद्दाम केले का’ या प्रश्नावर ते दिशाभूल करू शकते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, तीच कृती संथ गतीने पाहिली की ती अधिक हेतुपूर्वक केल्यासारखी प्रेक्षकांना वाटते. करणाऱ्याला विचार करायला जणू जास्त वेळ मिळाला होता, असा तो भास असतो. फडावरच्या वादात मोबाइल पुढे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्लो मोशनला उजेडाची भूक फार. साध्या व्हिडिओत शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके उघडे राहते. २४० फ्रेमला ते सुमारे ४८० व्या भागावर येते, म्हणजे उजेड जवळजवळ एक दशांश. भर दुपारच्या मर्दानी खेळात लाठीचे टोक आणि दांडपट्ट्याचे पाते लखलखीत येते, संध्याकाळच्या फडात तेच दाणेदार आणि काळवंडलेले. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि हलके एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, स्लो मोत मात्र अख्खे मैदान धडधडते. अशा वेळी कॅमेऱ्यात सोय असेल तर सेकंदाला १०० फ्रेम आणि शटर १/१०० ठेवावे. प्रत्येक फ्रेमला दिव्याचा एक पूर्ण हेलकावा मिळतो आणि २५ च्या गतीने दाखवताना चौपट संथपणाही हाती राहतो.

काही मोबाइल आणि ॲप न टिपलेल्या मधल्या फ्रेम अंदाजाने तयार करतात. चैत्र यात्रेत जोतिबाच्या सासनकाठ्यांवर (यात्रेत नाचवत नेल्या जाणाऱ्या उंच, सजवलेल्या काठ्यांवर) उधळलेल्या गुलालावर हा उपाय सपशेल फसतो : प्रत्येक कण वेगळ्या दिशेला जात असतो, यंत्राला अंदाज बांधता येत नाही आणि गुलालाचा चिखल दिसतो. गुलाल खऱ्याच २४० फ्रेमने टिपावा, सूर्य समोरून असताना.

दोन्ही एकाच ठिकाणी : गुऱ्हाळ

हंगामात कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही चालू गुऱ्हाळावर गेले तर एकाच काहिलीवर (रस आटवायच्या मोठ्या कढईवर) दोन्ही पद्धती लागतात. उसाचा रस मळी काढत, आटत, हिरवटाचा सोनेरी होत जातो. हे काम टाइमलॅप्सचे, दहा सेकंदांचा इंटरव्हल पुरे. पाक आला की नाही हे बघायला गुळव्या थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून गोळी वळून पाहतो, आणि लगेच काहील उतरवून पाक थंड होण्यासाठी वाफ्यात ओतला जातो. तो ओतणे स्लो मोशनचे. दोन कॅमेरे असले तर उत्तम. एकच असेल तर ट्रायपॉडवरून कधी काढायचा, हे गुळव्याच्या हाताकडे बघून ठरवावे. वाफेने भिंग धुरकटते, म्हणून कॅमेरा वारा येतो त्या बाजूला, काहिलीपासून चार हात दूर ठेवतात.