घरपट्टीवर नाव असणं आणि घर नावावर असणं

“घरपट्टी माझ्या नावावर येते, म्हणजे घर माझंच.” भावकीत घराचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं, आणि समोरचेही बऱ्याचदा गप्प बसतात. त्यांनी गप्प बसू नये, असं मला मनापासून वाटतं. घरपट्टीवर नाव असणं आणि घर नावावर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कार्यालयं वेगळी, कायदे वेगळे आणि हेतूही वेगळा.

घरपट्टी, म्हणजे मालमत्ता कर, वास्तूवर बसतो. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेला त्यातून दिवे, गटारं, रस्ते यांचा खर्च काढायचा असतो. त्यासाठी त्यांना एवढंच ठरवायचं असतं, की बांधकाम केवढं आहे, कसलं आहे आणि बिल कुणाकडे पाठवायचं. मालकीचा वाद सोडवणं हे त्यांचं काम नाही आणि तसा अधिकारही त्यांना नाही.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ एकदा नीट वाचून बघा. ही कर आकारणीची नोंदवही. त्यात घराची लांबी-रुंदी असते, बांधकाम मातीचं की दगड-विटांचं की आरसीसी हे असतं, आणि घर, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी अशा करांचे आकडे असतात. नावांसाठी मात्र दोन रकाने असतात: एक मालकाचं नाव, दुसरं भोगवटा करणाऱ्याचं. राहणारा आणि मालक एकच असेल असं खुद्द हा नमुनाही धरून चालत नाही. तरी उतारा हातात आला की लोक फक्त आपलं नाव शोधतात, ते कुठल्या रकान्यात आहे हे पाहत नाहीत.

मालकीचं दप्तर महसूल आणि भूमी अभिलेख खात्याकडे असतं. शेतजमिनीचा सातबारा तलाठ्याकडे, तर नगर भूमापन झालेल्या भागातली मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, नगर भूमापन कार्यालयात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. घरपट्टीच्या नोंदीला हे वजन नाही. अर्थात प्रॉपर्टी कार्डही हक्क जन्माला घालत नाही. हक्क येतो तो नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, वारसा, मृत्युपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा यातून. कार्डावर त्याची फक्त नोंद होते.

मग गावाकडे हा गोंधळ इतका पक्का कसा झाला? कारण गावठाणातल्या घरांना वर्षानुवर्षं दुसरा कागदच नव्हता. सातबारा शेताचा, भूमापन झालं नव्हतं, म्हणून नमुना ८ हाच घराचा ‘उतारा’ झाला आणि त्यावरच व्यवहार होत राहिले. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली ती हीच उणीव भरून काढायला. ड्रोनने गावठाण मोजायचं आणि घराघराला मिळकत पत्रिका द्यायची. तुमच्या गावात मोजणी होणार असेल तर मुंबई-पुण्याहून एक दिवस रजा काढून जा. नोंदी चौकशीला येतात तेव्हा हरकत घेणं सोपं असतं, नंतर तेच काम खूप जड जातं.

या गोंधळात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बहिणींचं. वडील गेले, गावात राहणाऱ्या भावाने पंचायतीत अर्ज देऊन घरपट्टी आपल्या नावे करून घेतली, वीस वर्षं इमानेइतबारे भरली, आणि मग “तुमचा आता संबंध नाही” म्हणाला. संबंध तुटत नाही. वडिलांच्या स्वकमाईच्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वारस आहेच. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाइतकाच हक्क आहे. एका सहहिस्सेदाराचा ताबा सहसा सगळ्यांच्या वतीने असलेला धरला जातो, नुसत्या पावत्यांनी इतरांचा हिस्सा बुडत नाही. भावाने कर भरला ही खरी गोष्ट आहे, आणि वाटपाच्या वेळी त्याने त्याचा हिशेब जरूर मागावा. बहिणीचा हिस्सा मात्र तिने स्वतः सोडल्याशिवाय, म्हणजे सहसा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय, सुटत नाही.

म्हणून पावत्या फेकून द्याव्यात असं नाही. ताबा कुणाचा होता, घर कुठल्या साली उभं होतं, हे दाखवायला जुन्या पावत्या कोर्टातही उपयोगी पडतात. पण तो ताब्याचा पुरावा झाला, मालकीचा नव्हे. बांधकामाचंही तसंच. महापालिका अनधिकृत बांधकामावर कर आणि वर शास्ती, म्हणजे दंड, लावते, पण ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

शहरात चित्र उलटं दिसतं. फ्लॅटचं बिल तुमच्या नावाने येतं, करारनामा नोंदवलेला असतो, आणि इमारतीखालच्या जमिनीच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालकच असतो, कारण बिल्डरने सोसायटीला अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन दस्ताने तिच्या नावावर, करून दिलेलं नसतं. पुनर्विकासाची वेळ आली की हे उघडं पडतं. यावर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, मार्ग आहे: बिल्डरने करून दिलं नाही तरी सोसायटी सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने ते करून घेऊ शकते. सोसायटीने तो पुनर्विकासाची वाट न पाहता धरावा.

घर विकत घेताना “घरपट्टी लगेच तुमच्या नावे करून देतो” या आश्वासनावर नोटरीच्या कागदाने पैसे देऊ नका. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. दस्त झाल्यावर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) घेऊन कर विभागात नाव बदलायचा अर्ज द्या, आणि भूमी अभिलेख किंवा तलाठ्याकडची नोंद झाली का ते वेगळं तपासा. एकीकडचं काम झालं म्हणजे दुसरीकडचं झालं असं समजू नका.

नाव अजून जुन्या मालकाचंच असलं तरी कर भरत राहा. महापालिकांत थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, आणि महापालिका कायद्यानुसार या कराचा बोजा मिळकतीवरच असतो. आधीच्या मालकाने थकवलेली घरपट्टी त्यामुळे नव्या मालकाच्या दारात येते. खरेदीखतावर सही करण्याआधी विक्रेत्याकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या.