ग्रीन टी कडू लागतो? व्हाइट टी घेण्याआधी एवढं वाचा

दुकानात 'व्हाइट टी मिळेल' अशी पाटी लावली, त्याच दिवशी एका काकूंनी विचारलं, "म्हणजे दूध जास्त घातलेला का?" नाही, यात दूध मुळीच नाही. आपली रोजची चहापूड आणि ग्रीन टी ज्या झुडपापासून होतात, त्याच झुडपाच्या शेंड्याचे न उलगडलेले कोंब आणि कोवळी पानं म्हणजे व्हाइट टी. कोंबांवर रुपेरी पांढरी लव असते, म्हणून हे नाव. परसातल्या गवती चहाशी त्याचं काही नातं नाही.

ग्रीन टीचं पान खुडल्यावर लवकरच तापवतात, जपानात बहुतेक वाफेवर, चीनमध्ये बहुतेक कढईत, म्हणून ते हिरवं राहतं. व्हाइट टीला वाफ नाही, कढई नाही, पान वळणंही नाही. पातळ पसरून कोमेजू द्यायचं आणि वाळवायचं. ऐकायला सोपं, पण ज्यांच्या अंगणात आंब्याची साठं पडतात त्यांना वाळवणाचा घोर सांगायला नको. चीनच्या फुजियान प्रांतातलं फुडिंग या चहासाठी नावाजलेलं आहे. आपल्याकडे दार्जिलिंग आणि निलगिरीतही होतो. नुसत्या कोंबांचा 'सिल्व्हर नीडल' महाग, कोंब-पान एकत्र असलेला 'व्हाइट पिओनी' त्यामानाने स्वस्त. सुरुवात दुसऱ्याने करा. आल्याच्या चहावर वाढलेल्या जिभेला पहिला बहुधा गरम पाणीच वाटतो.

आता आमच्या धंद्याला न परवडणारी गोष्ट. ग्रीन टी कडू होतो तो बऱ्याचदा आपल्याच हाताने. कोऱ्या चहासारखं आधण ठेवून त्यात पान खळखळ उकळलं, तर दुसरं काय होणार? आधी घरातलाच ग्रीन टी कमी तापलेल्या पाण्यात, दोनच मिनिटं ठेवून बघा. तरीही तुरटपणा नकोसा वाटला, तर व्हाइट टीकडे या. तो मिनिटभर जास्त राहिला तरी सहसा रुसत नाही.

करायचा असा: पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले की गॅस बंद, म्हणजे साधारण 80 अंश. कपभर (200 मिली) पाण्याला 2 ते 3 ग्रॅम पान. पान फुगीर असतं, त्यामुळे चहाचे दोन चमचे शिगोशीग भरले तरी वजन एवढंच भरतं. झाकण ठेवून चार मिनिटं मुरू द्या. रंग फिकट पिवळा येईल. बिघडला समजून पुन्हा गॅसवर चढवू नका. तेच पान आणखी दोनदा चालतं. पहिला कप साखरेशिवाय घ्या. गवती चहाची पात घालू नका, तिच्यापुढे याचं काही चालत नाही.

"याने वजन उतरतं का?" हा प्रश्न रोज येतो. आम्ही चहा विकतो, औषध नाही. कॅफीन यातही असतं, आणि कोवळ्या कोंबांत ते कमी असेलच असं नाही. झोप उडत असेल तर संध्याकाळनंतर नको. रक्त कमी असलेल्यांनी जेवणासोबत कोणताच चहा घेऊ नये, जेवणातलं लोह अंगी कमी लागतं. तासभर अंतर ठेवा. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारा.

साठवणीत आम्हीच एकदा हात पोळून घेतलेत. पावसाळ्यात उघडं पाकीट ज्या फळीवर राहिलं, तिच्या खालच्या फळीवर सोड्यांचा डबा होता. आठवड्याने त्या चहाला जो वास आला, तो कुणाला विकण्यासारखा नव्हता. हे पान दमट हवा आणि वास दोन्ही ओढून घेतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, मसाल्यांपासून आणि सुक्या मासळीपासून लांब ठेवा. फ्रिज नको, आत-बाहेर करताना पानाला पाणी सुटतं.

शेवटचं पाण्याचं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि इतक्या हलक्या चहात ते लगेच कळतं. शंका असेल तर घरचं पाणी बाटलीत भरून दुकानात घेऊन या. त्यातच एक कप करून देऊ. आवडला तर छोटी पुडी न्या.