जीवशास्त्रातल्या सरकारी अनुदानाची वाट बिकट का?

जीवशास्त्राच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळण्याची परंपरा आपल्याकडे 1911 च्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनपर्यंत मागे जाते. 1949 मध्ये तिचं नाव आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) झालं. 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साथीने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघालं, तीच आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. विद्यापीठातल्या संशोधकाने प्रस्ताव पाठवायचा आणि तज्ज्ञांनी तो तपासायचा, ही रीत 1974 मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने (डीएसटी) एसईआरसी ही संशोधन परिषद स्थापल्यावर रुळली. 1986 मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आला. पुढे एसईआरसीची जागा 2008 च्या कायद्याने एसईआरबी या मंडळाने घेतली आणि त्याची जागा 2023 च्या कायद्याने एएनआरएफ या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने. एएनआरएफसाठी पाच वर्षांत 50,000 कोटी धरले, त्यात केंद्राचे 14,000 कोटी. बाकी मुख्यतः सरकारबाहेरून येणं अपेक्षित.

मुळात पैसाच कमी. 2020-21 मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या 0.64 टक्के होता. त्यात जीवशास्त्राच्या प्रस्तावाला जास्तीचे उंबरठे आहेत. जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठी 1989 च्या नियमांप्रमाणे संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. उंदरांसाठी प्राणी नीतिसमिती, रुग्णांच्या नमुन्यांसाठी मानवी नीतिसमिती. लहान कॉलेजात या समित्याच नसतात, मग चांगली कल्पनाही तिथेच अडते. तज्ज्ञांसमोर प्रस्ताव बाद होतो तो बहुतेकदा रचनेमुळे: पहिलं उद्दिष्ट फसलं की दुसरं-तिसरं आपोआप कोसळतं, प्राथमिक निष्कर्ष जोडलेले नसतात, नमुनासंख्या कशी ठरवली ते लिहिलेलं नसतं.

मंजुरीनंतरची अडचण जास्त जाचक, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पैसा हप्त्यांनी येतो. 31 मार्चनंतर खर्च विवरण आणि 12-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) जातं; शिल्लक किंवा व्याजाचा आकडा जुळला नाही की पुढचा हप्ता थांबतो. भौतिकशास्त्रातलं उपकरण तेवढे महिने झाकून ठेवता येतं. पेशी मात्र द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवाव्या लागतात, आणि तो नायट्रोजन उडत राहतो. पैसे नाहीत म्हणून टाकी भरली नाही, तर वर्षांची मेहनत जाते. परदेशातून आलेली, पेशी वाढवायला लागणाऱ्या सीरमची गोठवलेली बाटली कागदपत्रांसाठी कस्टम्समध्ये अडकली की कोरडा बर्फ संपतो. बाटली हाती येते तेव्हा सीरम वितळलेलं असतं.

जून 2025 मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल झाले. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख झाली, खरेदी समितीची 10 लाखांवरून 25 लाख. एन्झाइम, प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे), प्लास्टिकचं सामान यांना याचा थेट उपयोग होईल. हप्त्यांचं वेळापत्रक या बदलात आलेलं नाही.