पानावरचा आडवा हात

महाशिवरात्र जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक ठरलेला मेसेज फिरतो: ‘गांजाने कॅन्सर बरा होतो, कंपन्यांनी दडवून ठेवलंय.’ यंदा तो सदाशिव पेठेतल्या काकांनी टाकला. खाली माझ्यासाठी प्रश्न: “तू केमिस्ट्रीवाला ना? मग हे कायदेशीर का करत नाहीत?”

काका, ‘हे’ म्हणजे नेमकं काय? या झाडात कॅनाबिनॉइड नावाची शंभरावर रसायनं आहेत. नशा आणतं ते टीएचसी. ते १९६४ साली इस्रायलमध्ये मेशुलम आणि गाओनी यांनी वेगळं काढलं. ते बसतं मेंदूतल्या सीबी-वन या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या रेणू बसायच्या जागेवर. आता झाडाच्या रेणूसाठी आपल्या मेंदूत पाट कशाला मांडलेला असेल? तो शरीराच्या स्वतःच्या रेणूचा आहे, हे १९९२ मध्ये कळलं. त्याचं नाव आनंदामाइड, थेट संस्कृत ‘आनंद’वरून.

त्याचं काम पंगतीत बसल्यासारखं बघा. एक चेतापेशी वाढपी, दुसरी जेवणारी. वाढपी रसायन वाढत सुटतो. पोट भरलं की जेवणारी पेशी स्वतःच्या पटलातल्या स्निग्ध पदार्थापासून तिथल्या तिथे आनंदामाइड किंवा त्याचं भावंड टू-एजी बनवते. ते उलटं, वाढप्याकडे जातं आणि सीबी-वनवर बसतं. त्याची कॅल्शियमची दारं मिटतात, आणि कॅल्शियम आत आलं नाही की रसायनाच्या पिशव्या रित्या होत नाहीत. वाढप थांबतं. पानावर आडवा हात! थोड्याच वेळात विकरं (एन्झाइम) त्या रेणूचे तुकडे करतात आणि हात निघतो.

टीएचसी म्हणजे आगंतुक. तो अख्ख्या पंगतीच्या पानांवर हात धरतो आणि तासन्‌तास उठत नाही. स्मृतीच्या पंगतीत बसला की आत्ता बोललेलं आत्ता विसरतं. उलटीच्या पंगतीत मात्र त्याचा उपयोग होतो, म्हणून केमोथेरपीतल्या मळमळीवर कृत्रिम टीएचसी अमेरिकेत १९८५ पासून आहे. सीबीडी, याच झाडातलं दुसरं कॅनाबिनॉइड, ही वेगळीच चीज, सीबी-वनवर धड बसतही नाही. तरी ड्राव्हेसारख्या लहान मुलांच्या अवघड अपस्मारावर ते २०१८ मध्ये तिथे मंजूर झालं.

कॅन्सरचं म्हणाल, तर प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मरतात खऱ्या. ब्लीचनेही मरतात. आणि ‘महादेवाचा प्रसाद’ म्हणणाऱ्यांना एवढंच, की महादेवाने हलाहलही पचवलं होतं.

आपला १९८५चा अमली पदार्थांचा कायदा फुलोऱ्याला गांजा म्हणतो, राळेला चरस. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. वैद्यकीय वापराला त्याच्या आठव्या कलमातच वाट आहे. माझ्या मते वाद ‘गांजा हवा की नको’ असा न होता कुठला रेणू, किती मिलिग्रॅम, कुठल्या आजाराला, असा व्हायला हवा.

यावर काकांनी खरं काय ते सांगितलं. गुडघ्यासाठी ‘विजया तेला’ची (विजया म्हणजे हेच झाड) बाटली मागवलीय, रोज जिभेखाली थेंब घ्यायचेत. काका हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर आहेत. ते मोडणाऱ्या यकृतातल्या विकरांना सीबीडी अडवतं, आणि रक्त नको इतकं पातळ होऊ शकतं. मी लेबलचा फोटो मागवला. शंकराचं चित्र ठसठशीत होतं. सीबीडी किती, टीएचसी किती, याचा पत्ता नव्हता. सील फोडू नका म्हटलं, सोमवारी डॉक्टरांकडे जाताना बाटली पिशवीत टाका.