सौरदिव्यांची दुरुस्ती पदवीधर पुरुषांनाच जमते का?
सौरयंत्रणा जोडणे आणि दुरुस्त करणे हे पदवीधर, तेही पुरुष अभियंत्याचेच काम, हा समज जुना असला तरी खरा नाही. राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजात भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या खेड्यांमधून आलेल्या, कित्येकदा निरक्षर आणि नातवंडे असलेल्या स्त्रिया साधारण सहा महिन्यांत हे काम शिकल्या आहेत. एकमेकींची भाषा येत नसल्याने तिथले शिक्षण रंगांवर आणि खुणांवर चालते. विजेच्या प्रवाहाला अडथळा करणाऱ्या रेझिस्टर या छोट्या भागावर तपकिरी, काळा आणि लाल पट्टा ओळीने दिसला की त्याचा अडथळा १००० ओहम (अडथळा मोजण्याचे एकक), हे ओळखायला अक्षरओळख लागत नाही. बॅटरी प्रमाणाबाहेर भरू किंवा उतरू न देणारा चार्ज कंट्रोलरही त्या स्वतः सोल्डर करून तयार करतात. स्वस्त विजेचा प्रश्न खरा दुरुस्तीपाशीच अडतो, कारण पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकले तरी बॅटरी आणि सर्किट त्याआधीच बिघडतात, आणि दुरुस्ती जाणणारे गावात कोणी नसेल तर अनुदानातून आलेला दिवाही नुसता टांगलेला राहतो. मोठ्या सौरप्रकल्पांच्या आराखड्यासाठी अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण हवेच, यात वाद नाही. घरगुती दिव्यांच्या देखभालीसाठी मात्र त्या पदवीची अट घालण्याला काहीही आधार नाही.